बॉल पायथन पुन्हा खायचा थांबला? आधी कशाकडे बघायचं

ऑक्टोबर संपत आला की एकाच धर्तीचे मेसेज सुरू होतात. "गेल्या महिन्यापर्यंत नीट खात होता, आता उंदराकडे ढुंकूनही बघत नाही." "दोनदा दिला, दोनदा तोंड फिरवलं." "आजारी असेल का? जबरदस्तीने भरवू का?" पाठवणारे बहुतेक अमेरिका, कॅनडा, इंग्लंड-जर्मनीकडचे आपले लोक. साप आणलेला असतो मुलाच्या हट्टापायी. मग मुलगा कॉलेजला दुसऱ्या गावी जातो आणि साप आईबाबांच्या गळ्यात पडतो.

थोडक्यात सांगायचं तर खाणं सोडलेला बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा आफ्रिकी अजगर) बहुतेक वेळा आजारी नसतो. त्याला गार वाटत असतं, उघड्यावर बसल्यासारखं वाटत असतं, तो कात टाकायच्या बेतात असतो किंवा त्याचा मोसम असतो. उंदीर बदलून बघणं सगळ्यात शेवटी. आणि रोज काहीतरी नवीन करून बघणं तर अजिबात नको, कारण निम्म्या घरांत उपास लांबतो तो या रोजच्या प्रयोगांमुळेच.

मुळात हा प्राणी कसा राहतो

बॉल पायथनचा मुलूख म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला सेनेगलपासून युगांडापर्यंतचा पट्टा. घनदाट जंगल नाही, तर गवताळ माळ, विरळ झाडी आणि शेतांच्या कडा. दिवस तो जमिनीखाली काढतो: उंदरांची बिळं, वाळवीची रिकामी वारुळं. रात्र पडली की बाहेर. घाबरला तर चावत सुटत नाही, डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो. 'बॉल' नाव त्यावरूनच. वरच्या ओठावर बारीक खाचांची रांग असते, त्या खाचांना उष्णता जाणवते. अंधाऱ्या बिळात समोर गरम रक्ताचं काही बसलंय हे त्याला दिसण्याआधी कळतं. ही गोष्ट पुढे उंदीर देताना कामाला येणार आहे.

बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात या सापांचं देऊळ आहे. तिथले साप अधूनमधून रात्री बाहेर सोडतात, आणि एखादा कुणाच्या घरात शिरलाच तर लोक त्याला न मारता परत आणून देतात.  आपल्याकडे नागपंचमीला सापाला दूध पाजतात ते त्याला पचत नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक असावं.

आता उपासाचा मुद्दा. घाना, टोगो, बेनिन या भागात मादी साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालते, म्हणजे कोरड्या मोसमाच्या उत्तरार्धात. अंड्यांभोवती वेटोळं घालून ती दोनेक महिने बसते आणि त्या काळात सहसा खात नाही. त्याआधीचे महिने मीलनाचे. नर तेव्हा मादीच्या शोधात फिरतो, शिकारीच्या नाही. हे घड्याळ पिंजऱ्यात जन्मलेल्या सापाच्याही अंगात असतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात मोठ्या नराने खाणं सोडलं, रात्रभर काचेवर नाक घासत फिरला, तर त्यात नवल काही नाही. तीन-चार महिने, कधी सहा महिनेही तो असा काढू शकतो. निसर्गात शिकार रोज मिळत नाही, त्यामुळे जेवणांमध्ये मोठं अंतर पडणार हे धरूनच त्याचं शरीर बनलंय.

पण 'मोसम आहे' म्हणून स्वस्थ बसायचं की नाही हे कशावरून ठरवायचं? वजनावरून. सगळ्यात आधी वजनावरून.

वजनकाटा आणा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण तो सापापुरताच ठेवा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, साप डब्यात, आकडा टिपायचा. दर दोन आठवड्यांनी एकदा पुरे. समजा ऑक्टोबरात नर 900 ग्रॅम होता, डिसेंबरात 880, फेब्रुवारीत 865. चार महिन्यांत चार टक्केसुद्धा गेले नाहीत. हा साप मजेत आहे, त्याला त्याच्यावर सोडा. तोच साप सहा आठवड्यांत 810 वर आला तर दहा टक्के गेले, आता डॉक्टर शोधायचा. (विष्ठा झाल्यावर एकदम पंधरा-वीस ग्रॅम उतरतात, ते धरू नका.)

काट्याइतकेच डोळेही वापरा. मध्ये आडवा कापलाय अशी कल्पना केली तर बॉल पायथनचा आकार गोलसर त्रिकोणी दिसायला हवा. पाठीचा कणा धारदार वर आला असेल, कातडीला बाजूने लांबट सुरकुत्या पडत असतील, तर काटा काहीही म्हणो, साप खंगतोय.

हे झालं मोठ्या सापाचं. पिल्लाचा हिशोब वेगळा. अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीचे दिवस पोटातल्या बलकावर काढतं, पहिली कात टाकतं आणि मग पहिलं जेवण घेतं. शे-सव्वाशे ग्रॅमच्या पिल्लाकडे मोठ्यासारखी शिदोरी नसते. ते महिना-दीड महिना काहीच खात नसेल तर मोसमाचं कारण पुढे करू नका. एक गोष्ट विकत घेतानाच करायची: पिल्लाने किमान तीन-चार वेळा स्वतःहून खाल्लंय का आणि काय खाल्लंय, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर ते पिल्लू घेऊ नका.

उष्णता: दहातली सात प्रकरणं इथेच मिटतात

हा आकडा म्हणजे माझा अंदाज, पण तो फार चुकत नसावा.

साप आपली ऊब बाहेरून घेतो. ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजतो, आणि हे सापाला आपल्यापेक्षा नीट कळतं. गार साप खात नाही, हा त्याचा शहाणपणा. खाल्लंच तर दोन-तीन दिवसांनी ओकतो, आणि ओकणं उपासापेक्षा पुष्कळ वाईट.

लागतं ते एवढं. उबेच्या जागेचा पृष्ठभाग 31 ते 33 अंश सेल्सियस, अमेरिकेतल्या थर्मोस्टॅटवर 88 ते 92 फॅरेनहाइट. गार बाजू 25 ते 27, म्हणजे 78 ते 80 फॅरेनहाइट. रात्री कुठेही 24 च्या खाली नको.

"आमचं बरोबर 32 आहे" असं सगळेच सांगतात. कशावर मोजलं, कुठे मोजलं, किती वाजता मोजलं, असं विचारलं की गडबड बाहेर येते. काचेला चिकटवायचे गोल, काट्याचे थर्मामीटर दुकानदार टँकबरोबर (सापाच्या काचेच्या पेटीबरोबर) देतात. ते काचेचं तापमान दाखवतात, आणि तेही चार-पाच अंश इकडे-तिकडे. प्रोबवाले (वायरच्या टोकाला तापमान मोजणारं बोंडूक असलेले) दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला, दोन्ही सापाच्या उंचीला. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन मिळते, ती स्वस्त असते आणि वर्षानुवर्षं चालते.

हिवाळ्यातलं ठरलेलं प्रकरण असं असतं. टँकखाली हीट मॅट. मॅटवर 32. पण घरची हीटिंग रात्री दहाला आपोआप 17 वर उतरते. मॅट खालची जमीन तापवते, हवा तापवत नाही, आणि वर जाळीचं झाकण, त्यामुळे असलेली ऊबही वर निघून जाते. पहाटे तीनला टँकमधली हवा 20 च्या आसपास. पोट गरम, पाठ गार. तुम्ही सकाळी उठून बघता तेव्हा हीटिंग पुन्हा चालू झालेली असते नि सगळे आकडे झकास दिसतात. म्हणून चोवीस तासांतलं किमान-कमाल लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या आणि सकाळी 'किमान' बघा. कितीतरी घरांत चर्चा तिथेच संपते.

उपाय महाग नाही. वरून उष्णता देणारा सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर, सोबत थर्मोस्टॅट, आणि भोवती जाळीचा पिंजरा, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेईल. टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल किंवा फोमची शीट चिकटवली की निम्मी लढाई जिंकली. जाळीचं तीन चतुर्थांश झाकण ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा, हीटरच्या खालचा भाग मात्र मोकळा ठेवा. लाल-निळे दिवे रात्रभर लावायची गरज नाही, त्याला अंधार हवा असतो. हीट रॉक नावाचा जो तापणारा दगड मिळतो, तो फुकट दिला तरी घेऊ नका. त्यावर बसून पोट भाजलेले साप डॉक्टरांकडे येतच असतात.

एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे थर्मोस्टॅटचा प्रोब. रबरी चकतीने काचेला चिकटवलेला असतो, साप अंग घासत जातो आणि प्रोब निघून गार कोपऱ्यात पडतो. थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, तो हीटर चालूच ठेवतो. मॅटवरचं तापमान चाळीसच्या वर जातं आणि साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. "हल्ली सारखा पाण्यातच असतो आणि खात नाही" असं ऐकलं की पहिली शंका प्रोबची घ्यायची, दुसरी गोचिडांसारख्या बारीक किड्यांची. प्रोब वायरसकट पक्का बांधून टाका.

लपायची जागा आणि ओल

माळावर वारुळात राहणाऱ्या प्राण्याला चारी बाजूंनी काच असलेल्या खोक्यात, टीव्हीशेजारी, एका शोभेच्या फांदीसोबत ठेवलं तर त्याच्या जिवाला घोर लागणारच. लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या. दोन्ही एकसारख्या असल्या तर उत्तम, म्हणजे ऊब हवी की सुरक्षितता हवी, असा पेच सापाला पडत नाही. आकार असा की वेटोळं घातल्यावर त्याची पाठ भिंतींना टेकली पाहिजे. मोठी, ऐसपैस गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही. दुकानात मिळतं ते अर्धगोल लाकूड दोन्हीकडून उघडं असतं, ती लपायची जागा नव्हेच. उलटा ठेवलेला, एका बाजूला भोक पाडलेला काळा प्लॅस्टिकचा डबा दिसायला भिकार, पण कामाला अव्वल.

"टँक मोठा झाला म्हणून खात नाही, छोट्या डब्यात ठेवा" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. अर्धवट खरा आहे. मोठी जागा त्रास देत नाही, मोठी आणि रिकामी जागा देते. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशा जागेत साप सरळ पसरू शकतो, आणि ती पानं, बुचाच्या साली, फांद्या यांनी भरून टाकली तर तो तिथे निवांत खातो. नायजेरियातल्या पाहणीत नर बऱ्याचदा झाडांवर सापडले आणि त्यांच्या पोटात पक्षीही निघाले. तेव्हा फांदी ठेवलीत तर ती वाया जात नाही. काचेच्या तीन बाजूंना काळा कागद लावा, आणि टँक स्पीकर, वॉशिंग मशिन, कुत्र्याची जागा यांच्यापासून लांब सरकवा.

ओल 60 ते 70 टक्के हवी. हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरातली हवा 20-30 टक्क्यांवर येते. मग कात तुकड्या-तुकड्याने निघते, डोळ्यांवरच्या कातीच्या टोप्या तशाच राहतात आणि साप चिडका होतो. वरून फवारे मारत बसू नका, ती ओल तासाभरात उडते. नारळाच्या भुशाचा चार इंच थर घाला आणि कोपऱ्यात पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहील. वरचा थर सतत ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांना सड लागते.

कात टाकण्याआधी आठ-दहा दिवस रंग फिका पडतो, पोट गुलाबीसर होतं, डोळे दुधाळ निळे होतात. या काळात बहुतेक बॉल पायथन खात नाहीत. विचारूही नका. कात पूर्ण निघाली की दोन दिवसांनी द्या.

उंदीर देण्याची पद्धत

वरचं सगळं जागेवर असेल तरच हा भाग वाचा.

आधी मापाबद्दल. उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाइतका जाड, त्याहून मोठा नको. पिल्लाला आठवड्याने, मध्यम वयाच्या सापाला दहा-चौदा दिवसांनी, मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी. मोठ्या सापाला दर आठवड्याला उंदीर देणारे लोक आहेत. त्यांचा साप आधी फुगतो, मग तीन महिने खात नाही आणि मग ते घाबरतात. तो उपास नाही, ते अजीर्ण आहे.

जिवंत उंदीर देऊ नका. भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला उंदीर रात्रभर एका टँकमध्ये राहिले तर सकाळी चावे सापाच्या अंगावर असतात, कधी हाडापर्यंत. गोठवलेले उंदीर मिळतात तेच घ्या. त्यासाठी छोटा वेगळा फ्रीझर परवडत असेल तर घ्याच. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचं कारण आहेच, शिवाय भारतातून आलेल्या सासूबाई ओल्या नारळाची पिशवी शोधताना त्यांच्या हाताला काय लागेल याचाही विचार करा. चिमटा आणि भांडंही वेगळं ठेवा.

आदल्या रात्री उंदीर पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये खाली ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट गरम पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं आणि मग स्वयंपाकघर आठवडाभर विसरत नाही. पोट दाबून बघा, आत गोळा लागला तर अजून गोठलेला आहे. आता महत्त्वाचं: उंदराचं डोकं 38 ते 40 अंशांवर असलं पाहिजे. इन्फ्रारेड गन इथे पुन्हा उपयोगी पडते. ओठावरच्या त्या खाचांना गार उंदीर दिसतच नाही असं समजा. अंग ओलं झालं असेल तर टिपून घ्या आणि देण्याआधी अर्धा मिनिट हेअर ड्रायरची गरम हवा डोक्यावर मारा. वासही पसरतो आणि उष्णताही येते. नुसत्या या एका गोष्टीवर सुटलेले उपास मी बरेच पाहिलेत.

वेळ रात्रीची. दिवे बंद, बाजूच्या खोलीतला उजेड पुरे. मुलं बघायला गोळा झालेली नकोत. लांब चिमट्याने उंदराला कमरेकडून धरा, म्हणजे डोकं सापाकडे येईल आणि तुमचा हात लांब राहील. लपायच्या जागेच्या तोंडापाशी, थोड्या अंतरावर, हळूच हलवा आणि थांबवा. जीभ भराभर बाहेर यायला लागली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, की श्वास रोखून हात स्थिर ठेवा. साप झेपावतो ते डोळ्याला कळतही नाही. मान मागे घेऊन डोकं वेटोळ्यात खुपसलं तर तो 'नाही' म्हणतोय. उंदीर त्याच्या नाकावर आपटू नका. असे आपटे खाल्लेले साप चिमटा दिसला तरी गोळा होतात.

नाही म्हणाला तर उंदीर तोंडाशी ठेवून दिवा घालवा आणि निघून जा. कितीतरी बॉल पायथन कुणी बघत असताना खातच नाहीत. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवायचा नाही. मग पुढचा प्रयत्न लहान सापाला आठवड्याने, मोठ्याला दोन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत टँक उघडायचा तो फक्त पाणी बदलायला आणि विष्ठा काढायला. हातात घेणं बंद. नवीन आणलेल्या सापाला तर पहिला आठवडाभर काहीच देऊ नका, त्याला घर ओळखू दे.

खायला घालण्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवायची एक जुनी पद्धत आहे. कारण सांगतात, टँकमध्ये खाल्लं तर साप हाताला शिकार समजायला लागतो. बॉल पायथनसारख्या भित्र्या सापाला जेवणाआधी उचलून अनोळखी डब्यात टाकलं तर तो खायचाच थांबतो, आणि खाल्ल्यावर पुन्हा उचललं तर ओकू शकतो. टँकमध्येच द्या. जेवणानंतर दोन दिवस हात लावू नका.

एवढं करूनही नाहीच, तर मग उंदीर बदलण्याचा विचार. विकणाऱ्याकडे तो लहान जातीच्या उंदरांवर वाढला असेल आणि तुम्ही घुशीसारखा मोठा देत असाल, तर त्याला ते अन्न वाटतच नाही. आधी जुनं द्या, तीन-चार वेळा खाऊ दे, मग नव्या उंदरावर जुन्याचा वास घासून द्या. आफ्रिकेतला मऊ केसांचा उंदीर काही देशांत मिळतो. तो याच्या मुलखातलाच, त्यामुळे हट्टी सापसुद्धा त्यावर तुटून पडतो. पण चटक लागली की पुन्हा साध्या उंदराकडे बघत नाही, आणि तो प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. मी तरी शेवटपर्यंत टाळीन. 'स्पायडर' नावाच्या मॉर्फमध्ये (पैदाशीतून जपलेल्या खास रंग-नक्षीच्या प्रकारात) मान डुगडुगण्याचा जन्मजात दोष असतो, तिथे साप खायला तयार असतो पण झेप चुकते. त्याच्या समोर उंदीर स्थिर धरा.

जबरदस्तीने तोंडात उंदीर कोंबणं घरी करायचं काम नाही. अन्ननलिका फाटते, जबडा दुखावतो, आणि साप खाण्याचाच धसका घेतो.

आणि व्हॉट्सॲपवरची ती गोष्ट: साप खात नव्हता, रोज रात्री मालकिणीशेजारी सरळ पसरून झोपायचा, डॉक्टर म्हणाले तो तुम्हाला गिळण्यासाठी माप घेतोय. दरवर्षी कुणीतरी घाबरून पुढे पाठवतंच. चार फुटांचा हा प्राणी मोठ्या उंदराच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि कुठलाच साप शिकारीचं माप असं शेजारी झोपून घेत नाही.

डॉक्टरांकडे कधी

पुढचं काही दिसलं तर वजनाची वाट बघू नका. तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेणं, शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, नाकातोंडाशी चिकट फेस. हिरड्या लाल किंवा आत पनीरसारखा पांढरा पू. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली किंवा पाण्याच्या तळाशी काळे ठिपके आणि ते चालत असले, तर ते माइट. उलटी. पातळ, घाण वासाची विष्ठा. उलटा पडल्यावर सरळ होता न येणं.

बॉल पायथनमध्ये श्वसनाचा एक विषाणूजन्य आजार असतो, निडोव्हायरसचा. 2014 मध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला. घरात आणखी साप असतील तर नव्या सापाला किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यासह ठेवायचं ते यासाठीच. आफ्रिकेतून थेट आलेल्या सापांत पोटातले जंत नेहमीचे, ते विष्ठेच्या तपासणीत कळतात.

कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला सापाचं औषध माहीत असेलच असं नाही. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही नावाची संघटना आहे, तिच्या यादीत जवळचा डॉक्टर सापडतो. जाताना वजनांची वही, किमान-कमाल तापमानाचे फोटो आणि ताजी विष्ठा बंद डबीत घेऊन जा. त्याचे निम्मे प्रश्न तिथेच संपतील. साप उशीच्या अभ्र्यात घालून तो अभ्रा थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. जानेवारीत उणे दहा अंशांत गाडी आधी तापवा, मग साप बाहेर काढा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतूनही विचारणा येते, म्हणून हे सांगून टाकतो. बॉल पायथन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये जी दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंद करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. विकणारा "कागदांचं बघू नंतर" म्हणाला तर तिथून निघा. आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं हा गुन्हाच.

आणि शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठाला ठिपक्यांचा जाडसर साप दिसला तर "अजगराचं पिल्लू आहे" म्हणून उचलायला जाऊ नका. घोणस तशीच दिसते आणि ती भयंकर विषारी. लांब उभं राहून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

उपास सुटल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये एका रात्री तो अचानक खातो. आनंदाच्या भरात लगेच दुसरा देऊ नका. लांबच्या उपासात आतडी आणि पचनाचं सगळं यंत्र आक्रसलेलं असतं. पहिला उंदीर नेहमीच्या निम्म्या मापाचा, मग दहा दिवस थांबा. ओकला असेल तर दोन आठवडे काहीच नको, फक्त पाणी आणि ऊब, आणि नंतर पुन्हा लहान मापापासून. लागोपाठ तीन जेवणं पचली आणि विष्ठा नीट झाली की नेहमीच्या मापावर आणा.